काकूंना शाल नको, सोबत द्या

यंदाही ८ मार्चला गावातल्या दोन-तीन मंडळांनी काकूंचा सत्कार ठरवलाय. काकूंचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. गावातल्यांना कळेलच. सत्काराला माझी ना नाही, पण मनात आहे ते बोलतेच.

आठवडी बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. मागे नगरपरिषदेचं स्वच्छतागृह आहे. रंग दिलाय, बोर्ड लावलाय आणि दाराला कुलूप आहे. सगळ्या गावाला हे माहीत होतं. विचारलं फक्त काकूंनी.

आधी साधा अर्ज दिला. "ठेवून जा मॅडम, साहेब आले की देतो." काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या पिशवीत अर्जाच्या कायम दोन प्रती असतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय त्या कार्यालयातून निघत नाहीत. उत्तर आलं नाही, मग माहिती अधिकारात अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत: बिल कधी निघालं, पाण्याचं कनेक्शन कुणी द्यायचं होतं, किल्ली कुणाकडे आहे. ३० दिवस उलटले तरी उत्तर नाही, म्हणून आता प्रथम अपील.

दरम्यान गाव काय म्हणालं? "घरी काही काम नाही वाटतं." "निवडणुकीला उभं राहायचं असेल." मुलाच्या दुकानात जाऊन "आईला जरा समजाव" असं सांगणारेही निघाले. याचा मला फार राग येतो. हेच एखाद्या पुरुषानं केलं असतं तर नगरसेवकपदासाठी त्याचं नाव चर्चेत आलं असतं.

२०११ पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक जणी जीव तोडून काम करतात. पण मधली काही वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासकच होते. वॉर्डातलं गाऱ्हाणं घेऊन जायला नगरसेवक नव्हता. त्या काळात काकू एकट्या जात होत्या.

सत्कारात कुणीतरी हमखास म्हणतं, "काकू म्हणजे आमच्या मृणाल गोरे." मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणायचे, खरंय. पण १९७२ साली महागाईविरुद्ध त्या आणि अहिल्या रांगणेकर रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर लाटणी घेतलेल्या हजारो गृहिणी होत्या. काकूंबरोबर कोण आहे? ग्रुपवर अंगठे भरपूर येतात. सही मागितली की "ह्यांना विचारून सांगते", नाहीतर "आमचं घरकुलाचं काम अडकेल गं".

ही भीती खोटी नाही, मला कळते. पण म्हणूनच सह्या जास्त हव्यात. एकीचीच सही असली की तिला गाठणं सोपं जातं. चाळीस जणींच्या असल्या तर कुणाकुणाच्या मुलाला दुकानात जाऊन समजावणार?

अपिलाची सुनावणी येत्या गुरुवारी साडेअकराला आहे. आत काकूच बोलतील, पण बाहेर व्हरांड्यात थांबायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. बाजारातल्या दोघी धंदा बुडवून येणार आहेत. मीही असेन. जमेल त्यांनी सव्वाअकरापर्यंत नगरपरिषदेच्या फाटकाशी या. सह्यांचा कागद माझ्याकडे आहे. गुरुवारी जमणार नसेल त्यांनी आधी घरी येऊन सही करून जा, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.