सहा दाबा, सहा!

उजवं मनगट प्लास्टरमधे गेलं तेव्हा समजलं, आपलं सगळं पोटपाणी माऊसवर चालतंय. परभणीत जिंतूर रोडला ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान, त्यात जुलै महिना, पीकविम्याची ३१ तारीख डोक्यावर, अन डाव्या हातानं माऊस धरला की कर्सर नुसता थरथरायलाय. मग भाचा म्हणला, मामा, माऊस कीज चालू करू, नंबरपॅडवरून, म्हंजे कीबोर्डच्या उजव्या अंगाच्या आकड्यांवरून कर्सर चालतो. विंडोज ९५ पासून हे कॉम्प्युटरमधे हाय अन आपल्याला पत्ता नाही! चालू करायला डावा अल्ट, डावा शिफ्ट अन नमलॉक तिन्ही एकदाच दाबायचे. दोन बटणं पार डाव्या टोकाला, तिसरं उजव्या टोकाला. म्हंजे हात मोडलेल्याची सोय चालू करायला दोन धड हात पाहिजेत. सेटिंगमधूनबी होतं म्हणा, पण भाचा हाय तवर कोण बघतंय.

आठ वर, दोन खाली, चार डावीकडं, सहा उजवीकडं, कोपऱ्यातले आकडे तिरपे, पाच म्हंजे क्लिक. ऐकायला सोपं. पण कर्सरची गत नव्या गोऱ्ह्यासारखी, आधी ढकलून हलत नाही अन बटण दाबून धरलं की असा उधळतो की 'पुढे जा' मागं टाकून थेट स्क्रीनच्या कडंला. मग चार, चार, चार करत माघारी. काउंटरपलीकडची मंडळी आधी गप होती, नंतर त्यांनाबी आकडे पाठ झाले. "सहा दाबा सहा! आवो, लई झालं, आता चार!" एका आबाला तर सोयाबीनपेक्षा यातच जास्त गोडी लागली.

त्यात कुणाच्या तरी लेकरानं वजाचं बटण दाबलं. वजा दाबलं की त्याच्यानंतरचा पाच राईट क्लिक होतो, अन तिरप्या रेघेचं बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. जिथं पाच दाबावं तिथं 'सेव्ह ॲज', 'प्रिंट' असली यादी उघडायली. लोकाला वाटलं साईटच बिघडली, मीबी म्हणलं, हाव, सर्व्हरच डाऊन हाय. आधार नंबर टाकायचा तर बोटं सवयीनं नंबरपॅडवर जायची, आकडा एक उमटायचा नाही, कर्सर मात्र आपला गावभर फिरून यायचा.

खरं सांगू का, माऊस कीजला नावं ठेवायला जीव होत नाही. ज्याचा हात कापतो त्याला माऊस सरळ धरता येत नाही, पण बटण तर दाबता येतं, अन एकदा दाबलं की कर्सर तेवढाच सरकतो. डोकं फिरवतात त्या साईटी. टॅबचं बटण दाबत एकेक खाना पुढं गेलं तर मधेच कुठंतरी अडकून बसायचं, तालुक्याची यादी एंटरनं उघडंना, कॅप्चा तर असा की पोचेपर्यंत बदललेला. ह्या बनवणाऱ्याला एक दिवस हात बांधून बसवा, लगेच सुधारतील.

आबाचा फॉर्म शेवटच्या पानावर आला, कर्सर 'सबमिट'वर नीट बसला, सगळ्यांनी श्वास धरला, मी पाच दाबला. सेशन एक्स्पायर.

आबा चष्मा पुसत म्हणले, "बरं, मग आता पहिल्यापासून आठ का?"