ऐंशीच्या भावाने

जर्मनीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि बिअरच्या कॅनवर २५ सेंट अनामत आधीच कापून घेतली जाते आणि रिकामा माल दुकानातल्या यंत्रात घातला की ती परत मिळते. २००३ पासून हे चालू आहे आणि यात लाजण्यासारखे काहीही नाही. डॉक्टर, प्राध्यापक, वकील असे सगळे शनिवारी सकाळी पिशव्या घेऊन त्या यंत्रापुढे रांगेत उभे असतात. हे सारे मला ठाऊक होते, पण माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांना ठाऊक नव्हते.

वसतिगृहात शुक्रवारी रात्री मेजवानी झाली होती. मेजवानी इतरांची होती, कॅन मात्र मी मागून घेतले होते, कारण दोन पिशव्या कॅन म्हणजे आठवड्याचा तांदूळ, डाळ आणि कांदे. श्टुटगार्टमधल्या त्या दुकानातले यंत्र एक कॅन पुन्हा पुन्हा बाहेर ढकलत होते आणि मी पुटपुटलो, "घे की रे बाबा." मागून तत्काळ आवाज आला, "अरे वा, आपले दिसता!"

काका पार्ल्याचे होते आणि मुलाकडे उन्हाळ्यापुरते आले होते. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. या नात्याचा मला आजवर झालेला एकमेव लाभ म्हणजे हे काका. त्यांनी आधी माझ्याकडे, मग पिशवीतल्या बिअरच्या कॅनकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"हे सगळं तूच प्यायलास?"

"नाही हो काका. इतरांचे आहेत, मी गोळा केले."

दारुडा म्हणवून घेण्यापेक्षा हे बरे, अशा समजुतीने मी खरे ते सांगितले. काकांचा चेहरा मात्र अधिकच उतरला. "गोळा केलेस? म्हणजे भंगार?" हा शब्द त्यांनी इतक्या हळवेपणाने उच्चारला, की रांगेतल्या एकाही माणसाला मराठी येत नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. "आईवडिलांना माहीत आहे का हे?"

मी त्यांना अनामतीची पद्धत समजावून सांगितली. ती त्यांना पटली आणि तेथूनच खरा त्रास सुरू झाला, कारण त्यांनी लगेच गुणाकार सुरू केला. "एका डब्याचे पंचवीस सेंट, म्हणजे वीस रुपये."

"पंचवीस, काका. युरो शंभरच्या वर गेला आहे."

"मी ऐंशीनेच धरतो," काका शांतपणे म्हणाले. "मुलगा इथे आला तेव्हा ऐंशी होता. रोजचा भाव बघत बसलं तर माणसाला जेवण जायचं नाही."

हा माणूस गेली काही वर्षे आपल्या खाजगी विनिमय दराने युरोप चालवीत होता आणि सुखात होता. कोथिंबिरीची जुडी, ट्रामचे तिकीट, मुलाचे घरभाडे, सारे काही ऐंशीने गुणून त्यांनी मला ऐकवले. माझ्या बँकेने हाच दर का लावू नये, असे मला तेव्हा फार तीव्रतेने वाटले. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे गोठवलेल्या खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. काकांच्या भावाने ते साडेनऊ लाख रुपये होतात, बँकेच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. मधल्या अडीच लाखांवर माझे वडील व्याज भरत आहेत. शिवाय पैसे माझे, खाते माझ्या नावाचे, पण त्यातून महिन्याला मिळणार ९९२ युरो, त्याहून एक सेंट अधिक नाही. त्यातले ४६० खोलीच्या भाड्याला जातात, दीडशेच्या आसपास आरोग्य विम्याला आणि १८.३६ युरो सरकारी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीला. माझ्याकडे रेडिओही नाही आणि टीव्हीही नाही, पण ही वर्गणी घरटी असते आणि मी एकटा राहतो, म्हणून एक घर ठरतो.

"पण जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना?" काकांनी विचारले. हा प्रश्न विचारला नाही असा एकही नातेवाईक मला नाही. बहुतेक राज्यांत ते फुकटच आहे. मात्र आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्गने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे १,५०० युरो शुल्क लावले आहे. नोकरी करावी तर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस एवढीच परवानगी. ते दिवस मोजण्याचे काम मात्र बिनपगारी आहे आणि त्याला कोणतीही मर्यादा नाही.

माझ्या मागे, म्हणजे काकांच्याही मागे, एक वृद्ध बाई घड्याळ पाहत होत्या. या भागातले श्वाबेन लोक त्यांच्या काटकसरीसाठी उरलेल्या जर्मनीत चेष्टेचा विषय असतात. जिना झाडायची पाळी आली की शेजारी तो झाडतो की नाही यावर त्यांचे बारीक लक्ष असते. काका आणि त्या बाई यांचे उत्तम जमले असते. मला आपला उगाच विचार आला, की हिशेबी स्वभावाची चेष्टा सगळीकडे होते, पण स्वभाव हिशेबी नसताना हिशेब करावा लागणाऱ्यांना त्या चेष्टेतही कोणी धरत नाही.

इतक्यात काकांनी आपल्या जाकिटाच्या खिशातून पाण्याची बाटली काढली. जागा कमी लागावी म्हणून त्यांनी ती आधीच नीट चुरगळली होती. यंत्र बाटलीचा आकार आणि वरचे रेघांचे चिन्ह तपासते, त्यामुळे त्याने ती नाकारली यात नवल नव्हते. काकांनी ती पुन्हा घातली आणि यंत्राने पुन्हा बाहेर ढकलली. मग काकांनी बाटलीत तोंडाने हवा भरायला सुरुवात केली. भर सुपरमार्केटात, गाल फुगवून, डोळे बाहेर येईपर्यंत ते फुंकत होते आणि बाटली कुरकुर करीत हळूहळू पूर्वरूप धारण करीत होती. मागच्या बाईंनी घड्याळ पाहायचे सोडून दिले. बाटली घेतली गेली तेव्हा काका विजयाने वळले आणि मला म्हणाले, "बघितलंस? सोडायचं नाही."

मी बटण दाबले. यंत्रातून एकच पावती बाहेर आली आणि ती साहजिकच माझ्या हातात होती.

"यात माझे पंचवीस सेंट आहेत हं," काका म्हणाले.

पाच मिनिटांपूर्वी याच गृहस्थांनी माझ्या परिस्थितीबद्दल सुस्कारे टाकले होते. मी पाकीट उघडले. नेमके २५ सेंट सुटे नव्हते, एक पन्नासचे नाणे होते. ते त्यांनी घेतले, उलटसुलट करून पाहिले, आपल्या पाकिटात शोधल्यासारखे केले आणि म्हणाले, "सुटे नाहीत रे. असू दे, वीस रुपयांचा तर प्रश्न आहे."

माझ्या बँकेच्या भावाने तो पंचवीसहून अधिक रुपयांचा प्रश्न होता, आणि अजूनही आहे. पण मागच्या बाईंनी खाकरून आपल्या पिशव्या पुढे सरकवल्या होत्या. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "पोटाला मारू नकोस हं, घरी ये एकदा जेवायला, अजिबात संकोच करायचा नाही," असे मनापासून बजावले आणि पत्ता, फोन किंवा आडनाव यांपैकी काहीही न सांगता ते भाजीच्या विभागाकडे, बहुधा कोथिंबिरीला ऐंशीने गुणायला, निघून गेले.