कॅम्पिंग ट्रेलरमधला ओटा कुठे असावा : व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

'कॅम्पिंग ट्रेलर बांधताय? किचनचे हे सहा नियम पाळा' अशा मथळ्याचा एक संदेश गेले काही महिने कोल्हापुरातल्या भटकंतीच्या आणि गाड्यांच्या गटांतून फिरतो आहे. मला तो अनेकांनी पाठवला आणि प्रत्येक वेळी मी तो सोडून दिला. परंतु माझ्या आतेभावाने, म्हणजे दादांनी, त्याचाच कागद छापून शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या फॅब्रिकेटरच्या हाती आराखडा म्हणून दिल्याचे कळले, तेव्हा गप्प राहणे मला शक्य झाले नाही. हाच ट्रेलर मागे जोडून दादा, वहिनी आणि मुले गगनबावड्याहून घाटाने कोकणात उतरणार आहेत.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. स्वयंपाकघर ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला घ्यावे, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर भार येत नाही. सिलिंडर ओट्याखाली आतच ठेवावा, म्हणजे चोरीची भीती राहत नाही. गाडी चालू असताना घरातल्या बायकांना मागे चहा-नाश्ता करता येतो, त्यामुळे प्रवासाचा वेळ वाचतो. ओटा घरच्यासारखा ग्रॅनाइटचा असावा. गॅस नको असेल तर इंडक्शन बसवावे. आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे स्वयंपाकघर आपल्या हवामानात निरुपयोगी आहे. यातल्या शेवटच्या मुद्द्यात काही तथ्य आहे. उरलेले पाच चुकीचे आहेत, आणि त्यांतले पहिले तीन जीवावर बेतणारे आहेत.

चालत्या ट्रेलरमध्ये चहा करण्याचा सल्ला आधी निकालात काढतो, कारण तो वाचून मला खरोखर संताप आला. ब्रिटनमध्ये ओढून न्यायच्या कॅरव्हॅन, म्हणजे आत राहता येईल असे ट्रेलर, पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि तिथे 1986 च्या वाहनविषयक नियमांनी अशा चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणसे बसवण्यास मनाई केलेली आहे. स्वयंपाक करणे ही फार पुढची गोष्ट झाली. ट्रेलरमध्ये सीटबेल्ट नसतो, आतल्या माणसाला वळण किंवा ब्रेक आधी दिसत नाही, आणि आत काही बरेवाईट झाले तर पुढच्या गाडीत बसलेल्या चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा ठिकाणी पेटत्या शेगडीवर उकळते पाणी ठेवून वहिनींनी उभे राहायचे, आणि तेही घाटात, हे सुचवणाऱ्याने स्वतः एकदाही ट्रेलर ओढलेला नाही, याविषयी माझी खात्री आहे. गाडी हलण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करणे आणि ट्रेलर रिकामा असल्याची खात्री करणे, ही दोन कामे कोणत्याही रचनेत चुकवता येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. स्वयंपाकघर हा ट्रेलरमधला सर्वांत जड भाग असतो, कारण कपाटे, शेगडी, सिंक, भांडी, शिधा आणि पाणी हे सगळे तिथेच जमते. म्हणून त्याची जागा ठरवणे म्हणजे वजनाची जागा ठरवणे. एका ॲक्सलचा, म्हणजे चाके जोडणाऱ्या एकाच आडव्या दांड्याचा, ट्रेलर सी-सॉसारखा असतो : ॲक्सलच्या मागे टाकलेले वजन पुढचे टोक, म्हणजे गाडीला जोडायचा हुक, वर उचलते. संदेश लिहिणाऱ्याला यातले एवढेच समजले की हुक हलका होतो, आणि त्याने तो फायदा मानला. प्रत्यक्षात हुकावर पुरेसा भार असणे हीच ट्रेलर सरळ चालण्याची पहिली अट आहे. अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर असावा असे सांगतात, ब्रिटनमध्ये साधारण 5 ते 7 टक्के. ओढणाऱ्या गाडीच्या कंपनीने हुकासाठी दिलेली कमाल मर्यादा दोन्हीकडे पाळावी लागते. आकड्यांत फरक आहे, पण हुक हलका असावा असे कुठेही कोणी सांगत नाही.

दादांच्या ट्रेलरच्या जवळपास जाणारे मापच घेऊ. हुकापासून ॲक्सलपर्यंतचे अंतर 3 मीटर आहे, स्वयंपाकघराशिवाय ट्रेलरचे वजन 560 किलो आहे आणि हुकावर 70 किलो भार येतो आहे, असे समजा. आता 100 किलोचे स्वयंपाकघर ॲक्सलच्या 1.5 मीटर मागे बसवले, तर हुकावरचा 50 किलो भार कमी होतो. त्याच्या शेजारी 40 लिटरची पाण्याची टाकी भरली, की आणखी 20 किलो जातो. एकूण वजन 700 किलो झाले आणि हुकावरचा भार शून्यावर आला. मागे आणखी एक पोते ठेवले तर हुक गाडीला वर उचलू लागेल, आणि गाडीच्या मागच्या चाकांची पकड कमी होईल. हेच स्वयंपाकघर आणि हीच टाकी बरोबर ॲक्सलवर आणली, तर हुकावरचा 70 किलो भार जसाच्या तसा राहतो, म्हणजे 700 किलोच्या बरोबर 10 टक्के. लोखंड तेच, खर्च तोच. फरक केवळ ओटा दीड मीटर पुढे घेण्याचा आहे.

हुक हलका असलेला ट्रेलर सावकाश ओढताना काही जाणवत नाही, आणि फसगत इथेच होते. पुणे-बंगळूर महामार्गावर शेजारून भरधाव ट्रक गेला, किंवा घाटाच्या उतारावर वेग थोडा वाढला, की ट्रेलरचे मागचे टोक डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते. वजन ॲक्सलच्या मागे असेल तर हे हेलकावे विरण्याऐवजी वाढत जातात आणि शेवटी ट्रेलर पुढच्या गाडीलाही आपल्याबरोबर फिरवतो. घाबरून स्टिअरिंग उलट फिरवले किंवा जोरात ब्रेक मारला, तर परिस्थिती अधिक बिघडते. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढणे आणि वेग आपोआप उतरू देणे, एवढेच हाती असते. पुढच्या पेटीत दगड किंवा दुसरी बॅटरी भरून हुकावरचा आकडा जुळवणे हाही खरा उपाय नव्हे, कारण दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा डोलू लागला की लवकर थांबत नाही. जड वस्तू मध्यभागी आणि खाली असणे यालाच महत्त्व आहे.

यावर दादांचे उत्तर असे होते की उसाच्या ट्रॉल्या आयुष्यभर पाहिल्या, त्या मागे कितीही भरल्या तरी काही होत नाही. ट्रॅक्टरमागची मोठी ट्रॉली चार चाकांची असते, पुढची आणि मागची चाके आपापला भार घेतात आणि तो ओढदांड्यावर जवळजवळ येतच नाही. शिवाय ती ज्या वेगाने कारखान्याकडे जाते, त्या वेगाला हेलकाव्यांचा प्रश्न क्वचितच उद्भवतो. दोन चाकांचा ट्रेलर ताशी 70 किलोमीटर वेगाने कारमागे नेणे ही पूर्णतः वेगळी गोष्ट आहे.

मागच्या टोकाला झडप उघडून वापरायच्या स्वयंपाकघराचे छोटे, थेंबाच्या आकाराचे ट्रेलर परदेशात चालतात, हे मला मान्य केले पाहिजे. संदेशातली छायाचित्रेही त्यांचीच आहेत. परंतु त्या ट्रेलरमध्ये ॲक्सल मुळातच मागे सरकवलेला असतो, पुढच्या बाजूला बॅटरी आणि सामानाची पेटी असते, आणि सगळा आराखडा त्या मागच्या ओट्याभोवती आखलेला असतो. ॲक्सल मध्यभागी ठेवून ओटा तेवढा मागे नेला, तर त्या ट्रेलरची केवळ नक्कल होते, तोल येत नाही.

सिलिंडर आत ठेवण्याच्या सल्ल्याचे मूळ आपल्या घरात आहे. घरच्या ओट्याखाली सिलिंडर असतो, मग ट्रेलरमध्ये का नको, असा विचार सहज होतो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते. गळती झाली तर ते वर जात नाही, जमिनीलगत साचते, आणि ट्रेलरमध्ये जमिनीलगतच माणसे झोपतात, तिथेच पाण्याच्या पंपाचा किंवा फ्रिजचा स्विच ठिणगी टाकतो. हवेत साधारण 2 टक्के गॅस मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकते. 3 मीटर लांब आणि 1.8 मीटर रुंद व उंच अशा खोलीत सुमारे 10 घनमीटर हवा असते. ती पूर्णपणे स्फोटक होण्यास अर्धा किलो गॅससुद्धा लागत नाही, आणि तळाशी साचलेला थर त्याहूनही कितीतरी आधी धोक्याचा होतो. लहानशा 5 किलोच्या सिलिंडरमध्येही त्याच्या दहापट गॅस आहे.

या बाबतीत युरोपात ईएन 1949 हे मानक आहे, जे केवळ कॅरव्हॅनसारख्या वाहनांतल्या एलपीजी जोडणीसाठीच लिहिलेले आहे. त्याचा गाभा साधा आहे. सिलिंडरचा कप्पा राहत्या जागेपासून हवाबंद असावा, त्याचे दार बाहेरूनच उघडावे, आणि कप्प्याच्या तळाशी कायमची उघडी जाळी असावी, जिचे क्षेत्रफळ तळाच्या किमान 2 टक्के आणि कोणत्याही परिस्थितीत 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी नसावे. प्रत्येक बर्नरला, ज्योत विझताच गॅस बंद करणारी झडप असावी, असेही ते सांगते. आपल्याकडच्या साध्या घरगुती शेगड्यांत ही सोय बहुधा नसते, म्हणून शेगडी घेताना ती मागून घ्यावी लागते. चोरीच्या भीतीचे उत्तर बाहेरच्या कप्प्याला कुलूप लावणे हे आहे. आणि घरच्या पत्त्यावर मिळालेला 14.2 किलोचा सिलिंडर यासाठी वापरू नये. तो त्या घरातल्या स्वयंपाकासाठी दिलेला असतो, शिवाय भरल्यावर त्याचे वजन 30 किलोच्या आसपास जाते.

ग्रॅनाइटबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 20 मिलिमीटर जाडीचा, दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद ओटा सुमारे 40 किलोचा होतो, तर त्याच मापाचा 12 मिलिमीटर प्लायवुडचा ओटा 6 किलोच्या आत बसतो. वर पातळ स्टीलचा पत्रा चढवला की तो पुसायलाही सोपा जातो. कडाप्पाचीही तीच गत आहे, आणि खड्ड्यांतून जाताना दगडाला तडे जातात ते वेगळेच.

इंडक्शनची गोष्ट बॅटरीच्या हिशेबावर थांबते. 2000 वॉटची शेगडी 12 व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत चालवली, तर सुमारे 185 अँपिअर प्रवाह लागतो. 100 अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, हे धरले तर पाव तासात ती संपते. तेवढ्यात भातही नीट होणार नाही. मुक्कामाच्या ठिकाणी विजेची पक्की जोडणी मिळणार असेल, तरच इंडक्शनचा विचार करावा.

बाहेरच्या स्वयंपाकघराविषयी संदेश म्हणतो ते पावसाळ्यापुरते खरे आहे. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या पावसात ताडपत्रीखाली उभे राहून पोळ्या करणे कोणालाही नको वाटेल, आणि समुद्राकडचा वारा ज्योत टिकू देत नाही. परंतु म्हणून सगळा स्वयंपाक आत घ्यावा, हे पटण्यासारखे नाही. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, आणि मटण शिजवताना त्यात पातेल्यातली वाफ मिसळते. खोबरे आणि कांदा भाजून वाटण केले, कांदा-लसूण चटणीची फोडणी दिली, तर तो ठसका आणि तो वास गाद्यांत आणि पडद्यांत आठवडाभर राहतो. बंद खिडक्यांच्या खोलीत शेगडी चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही; थंडीत उबेसाठी शेगडी पेटवून झोपणे तर कधीच होता कामा नये.

म्हणून दादांना मी सुचवलेली रचना अशी आहे : मुख्य शेगडी आणि ओटा ॲक्सलच्या वर, बाजूने बाहेर ओढता येणाऱ्या मजबूत ड्रॉवरमध्ये घ्यावा, त्यावर छत उघडावे आणि वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावावा. आत एक बर्नर असावा, तोही उघडणाऱ्या खिडकीजवळ आणि छतातल्या झरोक्याखाली, केवळ चहा आणि मुलांच्या दुधासाठी. पाण्याची टाकी ॲक्सलजवळ, चासीच्या (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याच्या) खाली. बाहेर उघडणारी बाजू डावीच हवी. इंटरनेटवरचे बहुतेक आराखडे अमेरिकेतले असतात, तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे दार आणि ओटा उजवीकडे काढलेला असतो. तोच आराखडा इथे उतरवला, तर रस्त्याकडेला थांबून स्वयंपाक करणाऱ्या माणसाची पाठ थेट वाहतुकीकडे होते.

फॅब्रिकेटरला एक गोष्ट आजच सांगायला हवी : ओटा, टाकी, बॅटरी आणि सिलिंडरचा कप्पा यांच्या जागा कागदावर वजनासह पक्क्या झाल्याशिवाय ॲक्सल वेल्ड करू नये. ट्रेलर तयार झाल्यावर पाणी, भांडी आणि शिधा भरून तो सपाट जागेवर उभा करावा, आधी संपूर्ण ट्रेलर वजनकाट्यावर घ्यावा, मग हुकाखाली गाडीच्या हुकाइतक्या उंचीवर लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली गोदामातला प्लॅटफॉर्म काटा ठेवावा. 700 किलोच्या ट्रेलरला काट्यावर 70 च्या आसपास आकडा आला आणि तो गाडीच्या मर्यादेत बसला, तरच नोंदणीच्या कागदांकडे वळावे, कारण मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. आकडा कमी आला, तर ॲक्सल मागे घ्यावा लागेल, आणि ते काम घाटात उतरण्याआधी शिरोलीतच झाले पाहिजे.