टाळूतल्या इंजेक्शनबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

वरची दाढ काढताना सुन्न करायचं जेल लावल्या लावल्या सुई टोचली, टाळूतल्या इंजेक्शनने डोळ्यांत पाणी आलं, आणि ‘ते जेल निव्वळ दाखवायला असतं’, असं तुम्ही लिहिलंत. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मनापासून माफी मागतो.

त्या संध्याकाळी बाहेर पेशंट ताटकळले होते आणि मी घाई केली. लिग्नोकेनचं जेल लावण्याआधी हिरडी कापसाने कोरडी करावी लागते, नाहीतर ते लाळेबरोबर वाहून जातं आणि भलतीच जीभ बधिर होते. मग निदान दोन मिनिटं थांबायचं. ती मी दिली नाहीत.

पण जेल दाखवायला नसतं, ताई. त्याची धाव वरवरच्या दोन-तीन मिलिमीटरपुरतीच असते, एवढंच. गालाकडच्या मऊ भागात पहिली टोच त्याने बरीच कमी होते. टाळूचं कातडं मात्र जाड आणि हाडाला घट्ट चिकटलेलं. तिथे जेल फारसं मुरत नाही. शिवाय तिथली मोठी कळ सुईपेक्षा आत शिरणाऱ्या औषधाच्या दाबाची असते. म्हणून टाळूवर आधी कापसाचा बोळा दाबून धरायचा आणि औषध अगदी थेंब थेंब सोडायचं. खालच्या दाढेसाठी तर सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत जाते, तिथवर जेल पोचणार कसं?

त्यामुळे ‘काही कळणार पण नाही’ असं जे आम्ही तुम्हाला सांगितलं, ती मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला आम्ही ते वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण त्या भरवशावर खुर्चीत बसलेल्याला तीच टोच जास्त लागते, आणि पुढच्या वेळी तो दाढ सडेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही. आता टाळूत सुई द्यायच्या आधी मी स्पष्ट सांगतो: इथे थोडा वेळ दुखेल, हात वर केलात की थांबेन. खुर्चीशेजारी टाइमर ठेवलाय. दोन मिनिटं झाल्याशिवाय सुई हातात घेत नाही, आणि एक मिलिलिटर औषध सोडायला पूर्ण मिनिट घेतो.

तुमच्या तब्येतीबद्दल इथे चारचौघांत आणखी काही लिहीत नाही. जखम नीट भरली का, ते दाखवायला एकदा या. सकाळी साडेदहाला गर्दी नसते. तपासणीचे पैसे घेणार नाही.

आपला डॉक्टर,
प्रतापनगर, नागपूर