उचल घ्या, पण बँकेची घ्या

परवा गेट मीटिंगमध्ये फीवाढीविरोधात ठराव वाचला तर सवाल आला, "कॉलेजच्या फीचा अन् युनियनचा काय संबंध?" पटलं. वाळूजच्या कामगार बंधूंनो, फीवर तोंड उघडू नका. त्याऐवजी हे करा.

पोरीचा नंबर प्रवेशफेरीत लागायची वाट पाहू नका. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलीचं शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क 2024-25 पासून माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेली की ती माफी सोडून द्यायचं सुख मिळतं.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज शेवटच्या दिवशी, संध्याकाळीच भरा.

खातं आधारला जोडलंय का, ते मुळीच तपासू नका.

आता कर्ज. 4 लाखांपर्यंत तारण घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँक सांगते. साहेबांनी सातबारा मागितला की देऊन टाका. नकार दिला तर लेखी कारण मागू नका. अर्ज फेटाळायला वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते, हे तर बोलूच नका.

हिशेबही करू नका. वर्षाला 1 लाख असे चार वर्षांत 4 लाख, सरळव्याज 10 टक्के. कोर्सची चार वर्षं अन् वरचं सवलतीचं एक धरलं, तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर चारचं, तिसऱ्यावर तीनचं, चौथ्यावर दोनचं. झाले 1 लाख 40 हजार. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं अन् कॉलेजला नॅकचं किंवा कोर्सला एनबीएचं, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, मानांकन असलं तर हे व्याज केंद्र सरकार भरतं. म्हणून मानांकन आहे का, ते प्रवेश झाल्यावरच विचारा! नाही तर पोराला नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू होतो 5 लाख 40 हजारांवर. महिन्याला 7,100 च्या वर, दहा वर्षं. 4 लाखांचे साडेआठ लाख. ट्रेनीच्या हातात महिन्याला काय पडतं, ते आपल्याच शॉपमध्ये विचारा.

केज-धारूरची ऊसतोड टोळी मुकादमाची उचल घेते. ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाला कोयता त्याच्याच दारात. तिला आपण पिळवणूक म्हणतो. बँकेनं दिली की ती शैक्षणिक कर्ज! अहो, टोळीला निदान कोणत्या फडात जायचंय ते माहीत असतं.

बाकीपायी टीसी अडवली तर गप बसा. मूळ कागदपत्रं अडवायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मनाई आहे, पण क्लार्कच्या तोंडी कोण लागणार?

काय संबंध म्हणे! इंग्लंडात 1998 साली 1,000 पौंडांनी सुरू झालेली वर्षाची फी 2012 ला 9,000 पौंडांपर्यंत गेली. 2010 मध्ये लंडनच्या रस्त्यावर पोरांसोबत प्राध्यापकांची युनियन उतरली होती, तिला संबंध कळला. आपल्याला नाही. कराराच्या टेबलावर भांडून जे मिळवता ते एका पोराच्या फीत जातं, तरी मागणीपत्रात शिक्षणाची एक ओळ नाही. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यावर एक रुपया जास्त घेतला तर तक्रार करता येते. तुम्ही किती केल्या? पावती तरी नीट वाचली का कधी?

पुढच्या मीटिंगला तोच ठराव परत वाचणार आहे. तेव्हा चहाला म्हणून बाहेर जाऊ नका.