शाल, श्रीफळ आणि रोबोट : 'बीवाला' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

बीवाला, नमस्कार.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात देतो. तुमचा कुडाळच्या बाजूला काजूचा कारखाना आहे. उद्योजकांच्या संघटना मनावर घेतील तर रोबोटिक्सचं संशोधन लहान कारखान्यांपर्यंत पोचेल, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : संघटना म्हणजे शाल, श्रीफळ आणि हॉटेलातलं जेवण. रोबोट हे मोटारीवाल्यांचं काम. आपला हिशेब शेजारच्या कारखानदाराला कोण दाखवणार? आणि शेवटी, "रोबोट इलो, तरी बंद पडल्यावर दुरुस्त करूक कोण येतलो?"

शालीबद्दल वाद नाही. त्या कार्यक्रमांना मीही जेवलोय.

मोटारीवाल्यांचं म्हणाल तर आकडे बऱ्यापैकी तुमच्याच बाजूने आहेत. २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबोट बसले, त्यातले ३,५५१ मोटार उद्योगात. पण हा हिशेब ठेवतं कोण? इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्स, म्हणजे एक संघटनाच. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे उत्पादक आपापली विक्री तिला कळवतात आणि ती एकत्रित बेरीज छापते. कोणत्या कंपनीने किती विकले, ते त्यात दिसत नाही. हिशेब शेजाऱ्याला दाखवायचा नसतोच, तो संघटनेकडे द्यायचा असतो.

आणि तो दिल्याशिवाय संशोधकाला काही करता येत नाही. समजा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजने बी फोडायचं किंवा गर वेगळे करायचं यंत्र बनवायला घेतलं. ते एका कारखान्यात जातात, तिथली बी, तिथलं वाफवणं, तिथलं वाळवणं बघून यंत्र जुळवतात. दुसऱ्या कारखान्यात बी वेगळी, ओलावा वेगळा. तिथे अख्ख्यापेक्षा तुकडाच जास्त पडतो. झालं, यंत्र बदनाम! त्यात कॉलेजचं प्रोजेक्ट डिसेंबरात रंगात येतं आणि आपली नवी बी येते मार्चपासून. दहा कारखान्यांचा तुकडा, ओलावा आणि हंगामाचं वेळापत्रक एका कागदावर आणून 'आम्हाला हे सोडवून हवंय' असं सांगणारा मधला माणूस लागतो. एकटा कारखानदार ते करणार नाही आणि प्राध्यापकाला ते कोणी सांगणार नाही.

पण खरी अडचण पैशाची आहे, आणि त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत याचं मला नवल वाटलं. पहिलं यंत्र फसलं तर नुकसान कोणाचं? जपानमध्ये रोबोट उत्पादकांची संघटना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभी राहिली होती. तरी लहान कारखानदार हात आखडता घेत होते. मग १९८० मध्ये रोबोट बनवणाऱ्या कंपन्या आणि विमा कंपन्या यांनी मिळून रोबोट भाड्याने देणारी वेगळी कंपनी काढली, जारोल. तिला सरकारी विकास बँकेचं स्वस्त कर्ज मिळालं. लहान कारखान्याला यंत्र विकत घेण्याची सक्तीच उरली नाही. विकणाऱ्यांनीच जोखमीत वाटा उचलला, हे मला त्यातलं मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या प्रदर्शनात विक्रेता माहितीपत्रक हातात देतो आणि जोखीम तुमच्या गळ्यात घालतो.

सुरक्षिततेचंही तसंच. माणसाशेजारी पिंजऱ्याशिवाय, म्हणजे भोवती संरक्षक जाळी न लावता, काम करणाऱ्या रोबोटचा धक्का किती चालेल, हे २०१६ च्या आयएसओ १५०६६ या दस्तऐवजात शरीराच्या २९ जागांसाठी दिलंय. त्यामागे १०० निरोगी माणसांवर घेतलेल्या वेदनेच्या चाचण्या आहेत. विद्यापीठातलं काम मानकात उतरलं ते समित्यांमधून, आणि अशा समित्यांवर उद्योगाची माणसं संघटनाच बसवतात. तुमच्या शेडमध्ये पिंजऱ्याला जागा आहे का?

काजूला हातवाला रोबोट लगेच लागेल असं मी म्हणत नाही. कॅमेऱ्याने पाकळी (गराचं अर्धं फाकलेलं दल) आणि अख्खा गर वेगळा करणं, डबे भरणं, पेट्या रचणं, इथून सुरुवात होऊ शकते. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजूच्या जाती देतं, यंत्राच्या चाचणीला तशी सामायिक शेड आपल्याकडे कोणी उभारली आहे, असं माझ्या पाहण्यात नाही.

आता दुरुस्ती. एका यंत्रासाठी कुडाळात माणूस ठेवणं कोणत्याही कंपनीला परवडणार नाही. एकाच बनावटीची पंधरा यंत्रं असतील तर परवडेल, आणि करारात 'यंत्र बंद तर भाडं बंद' असं कलम घालून घेता येईल. एकट्याला विक्रेता ते कलम देणार नाही, पंधरा जणांनी मिळून मागितलं तर विचार करेल. आयटीआयच्या दोन मुलांचं प्रशिक्षणही त्याच करारात मागून घ्या.

तेव्हा संघटनेच्या पुढच्या बैठकीला जेवणाआधी जा. किलोमागे तुकडा किती पडतो, एवढं नाव न लिहिता चिठ्ठीवर द्यायला किती जण तयार आहेत, ते विचारा आणि इथे कळवा.