‘फॉर्म्युला वन ट्रेडिंग म्हणजे अभ्यासाने मिळणारे जोडउत्पन्न’ : या दाव्याला मुद्देसूद उत्तर

फॉर्म्युला वनच्या मराठी चाहत्यांमध्ये, मग ते पुण्यातले असोत वा लंडनमधले, एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा : मोटार शर्यतींवर पैसे लावणे हा जुगार नाही, कारण बेटिंग एक्स्चेंजवर शेअरसारखीच खरेदी-विक्री करून निकाल लागण्याआधी बाहेर पडता येते, हा आकडेवारीचा खेळ असल्यामुळे अभ्यास करणारा जिंकतोच, थेट प्रक्षेपण नीट पाहणारा बाजाराच्या एक पाऊल पुढे राहतो, यंत्रांच्या शर्यतीत फिक्सिंगला वाव नाही, आणि हे सारे उत्पन्न कायदेशीर व करमुक्त आहे. ब्रिटनसारख्या देशात, जिथे हा व्यवहार परवान्याखाली चालतो, तिथे एखाद्या सज्ञान माणसाने रविवारच्या शर्यतीवर झेपेल एवढी रक्कम लावली तर माझा त्याला आक्षेप नाही. माझा आक्षेप या छंदाला उत्पन्नाचे साधन म्हणून विकण्याला आहे, आणि या मजकुरातल्या पाचही विधानांत जे अर्धसत्य आहे ते उघड करणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान ट्रेडिंगचे. 2000 साली लंडनमध्ये बेटफेअर हे बेटिंग एक्स्चेंज सुरू झाल्यावर सामान्य ग्राहकाला दोन्ही बाजूंनी उभे राहता येऊ लागले, हे खरे आहे. आपल्याकडच्या सट्टाबाजारात ज्याला ‘लावणे’ (अमुक जिंकेल यावर पैज) आणि ‘खाणे’ (तो जिंकणार नाही अशी समोरच्याची पैज स्वीकारणे) म्हणतात, ते दोन्ही व्यवहार तिथे एकाच पडद्यावर करता येतात, समोर बुकीऐवजी दुसरा ग्राहक असतो आणि कंपनी जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यावर कमिशन घेते. समजा एका ड्रायव्हरचा भाव 5 (म्हणजे तो जिंकल्यास एका पौंडाचे मूळ रकमेसह 5 पौंड) असताना आपण त्याच्यावर 20 पौंड लावले आणि भाव 4 वर आल्यावर 25 पौंड खाल्ले. तो जिंकला तर लावलेल्यावर 80 पौंड मिळतात आणि खाल्लेल्यावर 75 द्यावे लागतात. हरला तर 20 जातात आणि 25 येतात. दोन्हीकडे 5 पौंडांचा नफा राहतो आणि 5 टक्के कमिशन वजा जाता 4 पौंड 75 पेन्स हातात पडतात. मजकुरात हे गणित इथेच थांबते. त्याच ड्रायव्हरची सुरुवात फसून भाव 8 वर गेला आणि आपण घाबरून बाहेर पडलो, तर साडेसात पौंडांचा तोटा पक्का होतो. त्याची गाडीच बंद पडली तर बाहेर पडण्याची संधीच मिळत नाही, कारण त्या क्षणी समोरून लावायला कोणी उरलेले नसते आणि संपूर्ण 20 पौंड जातात.

2016 च्या मलेशियन ग्रां प्री या शर्यतीत ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन सेपांगला निर्धास्त आघाडीवर असताना त्याच्या इंजिनाने पेट घेतला. असा प्रसंग शेअरच्या पडझडीसारखा पायरीपायरीने येत नाही. जिंकणार असे सर्वांनी धरलेला भाव एका सेकंदात शून्य किमतीचा होतो, आणि ‘मी निकालाआधी बाहेर पडणार होतो’ या नियोजनाला अर्थ राहत नाही. मोटार शर्यतीत ट्रेडिंग करणारा लहान लहान नफे गोळा करत असतो आणि अशा एखाद्या क्षणाची जोखीम पूर्ण वेळ डोक्यावर घेऊन बसलेला असतो. महिनाभराची कमाई एका धुराच्या लोटात जाणे हा इथे अपवाद मानता येत नाही.

शेअर बाजाराशी केलेली तुलना मुळातच चुकते. शेअरमागे कंपनी असते, ती वस्तू बनवते, नफा कमावते, लाभांश देते, आणि आज पडलेला शेअर उद्याही अस्तित्वात असतो. शर्यतीवरचा बाजार रविवारी संध्याकाळी संपतो आणि त्यात नवे मूल्य कुठेही निर्माण होत नाही. एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो आणि सगळ्यांची बेरीज कमिशनइतकी वजा असते. यात सातत्याने जिंकणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण बेटफेअरने 2008 मध्ये अशाच खातेदारांवर वेगळा अधिभार लावला आणि 2011 मध्ये त्यातल्या सर्वाधिक यशस्वी लोकांसाठी तो नफ्याच्या 60 टक्क्यांपर्यंत नेला. नेहमीच्या बेटिंग कंपन्या तर जिंकणाऱ्या ग्राहकाची पैज लावण्याची मर्यादा काही पौंडांवर आणून ठेवतात. जिथे कौशल्य सिद्ध झाल्यावर दार अरुंद केले जाते, तिथे ‘शिका आणि कमवा’ हे आवाहन कोणाच्या हिताचे आहे, याचा विचार व्हायला हवा.

दुसरे विधान अभ्यासाचे, आणि ते सर्वांत फसवे आहे, कारण फॉर्म्युला वनच्या चाहत्याला खरोखरच पुष्कळ माहीत असते. टायरचे प्रकार, टायर बदलण्यासाठीच्या पिट स्टॉपला लागणारा वेळ, कोणता सर्किट कोणत्या गाडीला मानवतो, हे त्याला तोंडपाठ असते. अडचण एवढीच की हे सारे भाव ठरवणाऱ्यांनाही माहीत असते. प्रश्न कोण जिंकेल हा नसून, लावलेला भाव चुकीचा आहे का, हा असतो. 2023 मध्ये ड्रायव्हर मॅक्स वेर्स्टापेनने 22 पैकी 19 शर्यती जिंकल्या. त्याच्यावर 1.20 चा भाव मिळाला असे धरले, तर 5 टक्के कमिशनसह बरोबरीत राहण्यासाठीसुद्धा त्याने शंभरात 84 वेळा जिंकणे गरजेचे ठरते. फॉर्म्युला वनच्या इतिहासातल्या त्या सर्वांत एकतर्फी हंगामात तो शंभरात 86 च्या प्रमाणात जिंकला. मग 2024 आले. पहिल्या 10 शर्यतींत तो 7 जिंकला आणि ‘डोळे मिटून वेर्स्टापेन’ हा सल्ला पुन्हा फिरू लागण्याजोगी स्थिती निर्माण झाली. त्यानंतरच्या सलग 10 शर्यतींत तो एकही जिंकला नाही. मग नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला भर पावसात त्याने सतराव्या स्थानावरून सुरुवात करून शर्यत जिंकली. हा क्रम आधीच्या आकड्यांवरून कोणाला काढता आला असता, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

शुक्रवारच्या सरावातल्या फेऱ्यांच्या वेळांचे तक्ते हा या अभ्यासाचा कणा मानला जातो. त्या वेळी कोणत्या गाडीत किती इंधन आहे आणि इंजिन कोणत्या क्षमतेवर चालवले जात आहे, हे संघ बाहेर सांगत नाहीत. दहा किलो जास्त इंधनाने प्रत्येक फेरीला साधारण तीन दशांश सेकंद जातात, आणि शुक्रवारी पहिल्या पाचांतला फरक अनेकदा त्याहून कमी असतो. गाडीवर शेकडो सेन्सर असतात, त्यांची माहिती संघाच्या अभियंत्यांकडे जाते. प्रेक्षकाच्या वाट्याला येतात त्या फेऱ्यांच्या वेळा आणि टीव्हीवर निवडून दाखवलेले आलेख. आपण अपुऱ्या माहितीचा कसून अभ्यास करतो आणि त्या कष्टामुळेच ती पुरेशी वाटू लागते.

याच मुद्द्याला जोडून नफ्याचे स्क्रीनशॉट येतात : ‘अमक्याने अख्खा हंगाम नफ्यात काढला.’ अलीकडे एका हंगामात साधारण 24 शर्यती असतात. काहीही अभ्यास न करता, नाणे उडवून, प्रत्येक शर्यतीत 2 च्या भावाने सारखी रक्कम लावणारे शंभर लोक घेतले आणि जिंकल्यावर 5 टक्के कमिशन कापले, तरी साधारण 42 जण हंगामाच्या शेवटी नफ्यात असतील आणि 17-18 जण सलग दोन हंगाम नफ्यात राहतील. स्क्रीनशॉट हे लोक टाकतात. उरलेले 58 जण काही टाकत नाहीत. लावलेल्या रकमेवर सरासरी 5 टक्के नफा मिळवून देणारे कौशल्य ज्याच्याजवळ खरोखर आहे अशा माणसाचाही हंगामाचा अपेक्षित नफा लावलेल्या एका रकमेहून जेमतेम अधिक असतो, तर निव्वळ नशिबामुळे होणारा चढउतार जवळजवळ पाच रकमांचा असतो. म्हणजे 24 शर्यतींमधून कौशल्य आणि योगायोग वेगळे ओळखताच येत नाहीत, ना इतरांना, ना स्वतःला. घोड्यांच्या शर्यती ब्रिटनमध्ये जवळजवळ रोज असतात, फुटबॉलचे सामने हजारोंनी होतात. मोटार शर्यतींचा छंद करणाऱ्याला आपला अंदाज तपासून पाहण्याएवढा नमुनाच मिळत नाही.

तिसरे विधान थेट प्रक्षेपणाचे. इथे थोडक्यात सांगता येईल, कारण बाब तांत्रिक आणि निर्विवाद आहे. घरात दिसणारे चित्र प्रत्यक्षापेक्षा कित्येक सेकंद मागे असते, इंटरनेटवरचे तर त्याहूनही मागे. शर्यत सुरू असताना लावलेली पैज एक्स्चेंजही काही सेकंद अडवून ठेवते. आणि सर्किटवर बसलेला माणूस किंवा वेळेची माहिती थेट वाचणारा संगणक तोवर भाव हलवून मोकळा झालेला असतो. धोक्याची सूचना देणारा पिवळा झेंडा आपल्याला दिसतो तेव्हा त्याची किंमत भावात आलेली असते.

आणि वेळेत दिसले तरी काय करणार? 12 डिसेंबर 2021 ला अबू धाबीत हॅमिल्टन विश्वविजेतेपदाकडे निघाला होता. 58 पैकी 53 व्या फेरीत निकोलस लतीफीची गाडी आदळली, सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्या गाड्यांना आपल्यामागे हळू चालायला लावणारी गाडी) आली, वेर्स्टापेनने नवे मऊ टायर घेतले, आणि शर्यत संचालक मायकेल मासी यांनी पूर्ण फेरीने मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त त्या दोघांमधल्या पाच गाड्यांना पुढे जाऊ दिले. शेवटच्या एका फेरीत विजेतेपद वेर्स्टापेनकडे फिरले. या निर्णयावर नंतर एवढा वाद झाला की मासी यांना पद गमवावे लागले. नियमपुस्तिका पाठ असलेल्या माणसानेही त्या पाच फेऱ्यांत जे भाकीत केले असते ते त्या नियमपुस्तिकेमुळेच चुकले असते.

चौथे विधान, फिक्सिंग होत नाही हे, वाचून मला सर्वाधिक खेद होतो, कारण ज्याला या खेळाचा इतिहास माहीत आहे तो असे लिहू शकत नाही. 2008 च्या सिंगापूर ग्रां प्रीमध्ये रेनॉ संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरने संघाच्या सांगण्यावरून गाडी मुद्दाम भिंतीवर आदळली. सेफ्टी कार आली, आधीच पिट स्टॉप उरकलेला त्याचा सहकारी फर्नांडो अलोन्सो पुढे आला आणि जिंकला. हे उघडकीला आले 2009 मध्ये, म्हणजे पैजांचा हिशेब संपून वर्ष होत आल्यावर. संघाला अंमलबजावणी स्थगित ठेवलेली शिक्षा झाली, शर्यतीचा निकाल मात्र आजही तोच आहे. त्या रात्री आघाडीवर असलेल्या फेलिपे मासावर ज्यांनी पैसे लावले होते, त्यांच्या अभ्यासात काय उणे होते?

यात गुन्हा असण्याचीही गरज नाही. संघाचे आदेश आज पूर्ण नियमात बसतात. 2024 च्या हंगेरियन ग्रां प्रीमध्ये पिट स्टॉपच्या क्रमामुळे लँडो नॉरिस आपला सहकारी ऑस्कर पिआस्ट्रीच्या पुढे आला. संघाने जागा परत दे म्हणून रेडिओवर वारंवार विनवले, त्याने बराच वेळ ऐकले नाही आणि शेवटच्या काही फेऱ्यांत गाडीचा वेग कमी करून पिआस्ट्रीला पुढे सोडले. दोन्ही गाड्यांचा वेग, टायर, इंधन यांचा कितीही अभ्यास केला असता तरी त्या शर्यतीचा विजेता एका तरुणाच्या मनात चाललेल्या द्वंद्वावर ठरत होता. पुढच्याच आठवड्यात बेल्जियमला जॉर्ज रसेल पहिला आला आणि गाडी दीड किलोने हलकी भरल्यामुळे बाद ठरला. विजय हॅमिल्टनला मिळाला. अशा वेळी पैजेचा हिशेब पोडियमवरच्या निकालाने करायचा की नंतरच्या अधिकृत निकालाने, हे प्रत्येक कंपनीच्या नियमांवर अवलंबून असते, आणि ते नियम लावण्याआधी वाचणारे मला फार थोडे भेटले आहेत.

शेवटचे विधान कायद्याचे आणि कराचे, आणि भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी ते घातक आहे. ‘सर्वोच्च न्यायालयाने रेसिंगला कौशल्याचा खेळ म्हटले आहे’ असा आधार त्यात दिला जातो. 1996 चा तो निकाल घोड्यांच्या शर्यतींबाबत होता. मोटार शर्यतींवरच्या ऑनलाइन पैजांना त्याने परवानगी दिलेली नाही. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आहे : पैसे लावून पैसे मिळवण्याचा ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, आणि बँकांना अशा व्यवहारांची मनाई. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे खरे. पण असा मजकूर लिंकसह पुढे पाठवणारा स्वतःला केवळ खेळणारा समजत असेल तर त्याने जाहिरातीसंबंधीचे कलम वाचावे. परदेशी खात्यात पैसे पाठवण्याचा मार्गही मोकळा नाही. परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांनी लॉटरी, स्वीपस्टेक आणि तत्सम गोष्टींसाठी रक्कम बाहेर पाठवण्यास सरळ मनाई केली आहे.

करमुक्तीचे विधान ब्रिटनमध्ये बरोबर आहे, भारतात नाही. ब्रिटनमध्ये 2001 पासून पैजेवरचा कर ग्राहकाकडून न घेता कंपन्यांकडून घेतला जातो. भारतात ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आयकराची तरतूद 2023 मध्ये आली. ब्रिटनमधल्या मराठी वाचकाने मात्र दुसरी बाजूही लक्षात घ्यावी : ज्या कारणाने तिथे जिंकलेले पैसे उत्पन्न मानले जात नाहीत, त्याच कारणाने हरलेले पैसे पगारातून किंवा व्यवसायातून वजा करता येत नाहीत. तिथले करखातेदेखील या व्यवहाराला उत्पन्नाचे साधन मानत नाही.